ओले खोगीर आणि कोरडा वारा : भीमथडीतील घोडदळाच्या हिवाळी व्यवस्थेचा एक विचार

१

मराठ्यांच्या घोडदळाविषयी लिहिताना घोड्याची चपळाई, स्वाराचे काटक जीवन आणि मुलूखगिरीचा झपाटा यांचे वर्णन इतिहासकारांनी पुष्कळ केले आहे. तंबू-कनातींचा पसारा नाही, सामानाचा बोजा नाही, घोड्याच्या पाठीवरील वस्त्र हेच रात्री स्वाराचे अंथरूण, असे चित्र आता शालेय पुस्तकांतूनही रुळले आहे. हे चित्र सामान्यतः खरे आहे. पण त्यातून एक साधा प्रश्न उभा राहतो व त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकच वस्त्र दिवसा घोड्याचा घाम पीत असेल आणि रात्री पुन्हा पांघरुणासाठी किंवा अंथरुणासाठी लागत असेल, तर ते वाळत असे केव्हा आणि कसे?

प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु घोडा पाठीवर चालतो आणि पाठ खोगिराखालच्या कापडावर टिकते. ओलसर, घामाच्या खारटपणाने कडक झालेले वस्त्र पुन्हा तसेच पाठीवर घातले, की दोन-तीन मजलांत कातडी सोलवटते, गाठी येतात, जखम चिघळते आणि चांगला घोडा महिना-पंधरा दिवस निकामी होतो. लढाईत मरणाऱ्या घोड्यांची गणना कागदांत कधी कधी सापडते. पाठ गेल्यामुळे मागे पडलेल्या घोड्यांची गणना क्वचितच सापडते. म्हणून हा विषय केवळ तबेल्यातील टापटिपीचा नाही. फौज किती दूर जाऊ शकते आणि किती दिवस चालत राहू शकते, या प्रश्नाचा तो एक भाग आहे.

प्रस्तुत लेखात शिरूर व दौंड या टापूच्या आधाराने या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी तीन प्रकारची साधने उपयोगी पडतात : या प्रदेशाचे हवामान, घोड्याच्या साजासंबंधीचे मराठी शब्द, आणि घोडदळाच्या इतिहासातील काही सुप्रसिद्ध प्रसंग. यांपैकी कोणतेही एक साधन स्वतंत्रपणे पुरेसे नाही. तिन्ही एकत्र ठेवली, म्हणजे एक सुसंगत व्यवस्था दिसू लागते.

२

भीमेच्या दोन्ही थड्यांवरचा मुलूख तो भीमथडी. आजच्या दौंड तालुक्यातील बहुतेक भाग पूर्वी भीमथडी तालुका म्हणूनच ओळखला जात असे. त्याच्या उत्तरेस, घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, शिरूर तालुका पसरला आहे. शिरूर गाव घोड नदीच्या काठी वसले असल्यामुळे त्याला लोक घोडनदी असेही म्हणतात. या नावावरून घोडदळाच्या छावणीशी संबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. नदीचे नाव छावणीपेक्षा कितीतरी जुने आहे. छावणीमुळे ते गावाला अधिक शोभून दिसले, एवढेच म्हणता येईल.

हा टापू घोड्यांसाठी प्रसिद्ध होता. भीमा, नीरा व माण या नद्यांच्या खोऱ्यांत पैदा होणारी मध्यम उंचीची, पायाने कणखर आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारी तट्टे भीमथडी या नावाने ओळखली जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारने शिरूर भागातील आलेगाव येथे घोड्यांच्या पैदाशीचे ठाणे चालविले, यावरूनही या भूमीची ख्याती ध्यानात येते. शिरूर तालुक्यातील एका गावाच्या नावात, आलेगाव पागा या जोडनावात, 'पागा' हा शब्द आजही नांदतो आहे. भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून शासकीय मान्यता मात्र अगदी अलीकडच्या वर्षांत मिळाली.

हवामानाच्या दृष्टीने हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर शिरूर-दौंडकडे तो सुमारे ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. पाऊस संपला की आकाश निरभ्र होते आणि पूर्वेकडून कोरडा वारा सुटतो. मार्गशीर्ष-पौषात दुपारी पारा बहुधा २८ ते ३० अंशांपर्यंत चढतो व पहाटे १० ते १२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली, उतरतो. दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांवर येते. नदीकाठी पहाटे धुके धरते आणि उघड्यावर ठेवलेल्या वस्तूंवर दव साचते. पण ऊन वर आले की दोन्ही विरून जातात.

युरोपातील घोडेवाल्याच्या मनात हिवाळा आणि ओली झूल या दोन गोष्टी अविभाज्य असतात. तेथे हिवाळा म्हणजे पाऊस, बर्फ आणि ढगाळ दिवस. भीमथडीत ऋतूंचा क्रम उलटा आहे. येथे ओलीचा ऋतू पावसाळा. आणि त्या ऋतूत फौजा छावणीला बसत. दसऱ्याला सीमोल्लंघन होई. शेतातून मार्ग खुले होणे, नद्यांना उतार मिळणे आणि नवा चारा हाती येणे ही त्याची कारणे नेहमी सांगितली जातात. त्यांत आणखी एकाची भर घालावयास हवी : दसऱ्यानंतर या मुलखात एका दुपारी कापड वाळते. ज्या सैन्याजवळ घोड्यामागे एक-दोनच वस्त्रे होती, त्याला ही गोष्ट गौण नव्हती.

३

आता शब्दांकडे वळू. घोड्याच्या पाठीवरील साजासाठी मराठीचा जुना, देशी परंपरेतील शब्द 'पालाण' होय. संस्कृत 'पर्याण', प्राकृत 'पल्लाण' आणि मराठी 'पालाण' अशी त्याची परंपरा सरळ आहे. 'पालाणणे' हे क्रियापदही त्यावरून झाले. पुढे मुसलमानी राजवटीत जीन, लगाम, रिकीब, तंग, तोबरा हे फार्सी-अरबी शब्द आले आणि त्यांबरोबर 'खोगीर' आला.

'खोगीर' या शब्दाची घडण विचार करण्याजोगी आहे. फार्सीत 'खूय' किंवा 'खू' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा, घेणारा. खोगीर म्हणजे घाम धरणारे वस्त्र. हाच 'गीर' प्रत्यय 'बारगीर', 'दिलगीर', 'जहागीर' या शब्दांत आहे. बारगीर म्हणजे मुळात भार घेणारा, अर्थात ओझ्याचे जनावर. मराठीत तो सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार झाला. फार्सीत घाम या अर्थाच्या 'अरक' या अरबी शब्दावरून 'अरकगीर' असा दुसराही शब्द झाला होता व तो हिंदुस्थानीत जिनाखालच्या नमद्यासाठी वापरला जाई. एकाच वस्तूला दोन भाषांच्या मुळांवरून 'घाम घेणारे' असेच नाव पडावे, यावरून त्या वस्तूचे मुख्य काम लोकांना कोणते वाटत होते ते स्पष्ट होते.

मराठीत खोगीर या शब्दाचा अर्थ सरकला. मुळात जिनाखालचे वस्त्र दाखविणारा हा शब्द मराठीत संपूर्ण साजाला, विशेषतः कापडी, भरताव असलेल्या बैठकीला लागू झाला. खालच्या थराचे नाव वरच्या सगळ्याला मिळाले. हा निव्वळ शब्दाचा खेळ नसावा. लाकडी सांगाड्याचे, चामड्याने मढविलेले जीन महाग व जड. लहान चणीच्या तट्टावर साध्या स्वाराला परवडणारी बैठक म्हणजे जाड, भरलेले कापडच. जेथे बैठक आणि घामवस्त्र या दोन वस्तू वेगळ्या राहिल्या नाहीत, तेथे दोन नावेही राहिली नाहीत.

याच खोगिरावरून 'खोगीरभरती' हा शब्द निघाला. निरुपयोगी मजकुराने किंवा माणसांनी जागा भरणे, असा त्याचा आजचा अर्थ आहे. खोगिराच्या आत जुन्या चिंध्या, लोकर, कापूस, जे मिळेल ते कोंबले जाई, त्यावरून ही निंदा आली. पण घोड्याच्या दृष्टीने पाहता हीच भरती सर्वांत महत्त्वाची. ती सारखी पसरलेली असेल तर भार कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटला जातो. ओल धरून तिचे गोळे झाले तर तेच गोळे पाठीत रुततात. आणि वाळविण्याच्या दृष्टीने तर भरती हेच खरे संकट. वरचे कापड हाताला कोरडे लागते, आतली चिंधी ओली असते. भाषेने ज्याला फालतू ठरविले त्यावर घोड्याची पाठ अवलंबून होती.

'नमदा' हा शब्द फार्सी 'नमद' वरून आला. लोकर न विणता, भिजवून व दाबून केलेले जाड वस्त्र तो दाखवितो. 'झूल' या शब्दाचे मूळ घोड्याच्या पांघरुणासाठी असलेल्या अरबी-फार्सी 'जुल्ल' या शब्दात शोधले जाते. मराठी कानाला मात्र तो 'झुलणे' या धातूशी जोडलेला वाटतो, आणि पोळ्याच्या बैलाच्या अंगावर हलणारी झूल पाहिली म्हणजे ही लोकव्युत्पत्ती किती सहज रुजली असेल ते कळते. परका शब्द देशी धातूच्या आधाराने घरचा होतो, याचे हे चांगले उदाहरण ठरावे.

या सर्वांच्या शेजारी 'घोंगडी' हा शब्द ठेवावा. तो फार्सी नाही. तेलुगूतील 'गोंगडी' शी त्याचे साम्य उघड आहे. म्हणजे तो दख्खनच्या पठाराचा, मेंढपाळांचा शब्द आहे. दख्खनी मेंढीची राठ लोकर, धनगर व सणगर यांची विणकर कला आणि चिंचोक्याची खळ यांतून घोंगडी तयार होते. राजव्यवहारकोशाने सतराव्या शतकात फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा उद्योग केला आणि त्यात सैन्यासाठी चतुरंगवर्ग स्वतंत्र ठेवला. तरीही पागेत खोगीर आणि लगाम हेच शब्द टिकले. घोंगडीला मात्र बदलण्याचा प्रश्नच आला नाही. ती दरबारातून आली नव्हती.

४

हिवाळ्यात, पाऊस नसताना, ही वस्त्रे ओली होण्याची कारणे मुख्यतः चार : घोड्याचा घाम, नदीचा उतार, पहाटेचे दव आणि कार्तिक-मार्गशीर्षात क्वचित कोसळणारा अवकाळी पाऊस. यांपैकी घाम हे रोजचे कारण होय, आणि तेच सर्वांत अवघड. पाण्याने भिजलेले वस्त्र वाळले की मोकळे होते. घामाने भिजलेले वाळले की ताठ होते. घोड्याच्या घामात क्षार असतात व फेस उत्पन्न करणारे एक प्रथिनही असते. पाणी उडून गेले तरी क्षार तंतूंत राहतात आणि रात्री हवा दमट झाली की पुन्हा ओल ओढून घेतात. म्हणून दुपारी कोरडे वाटलेले खोगीर पहाटे पुन्हा गार व चिकट लागते. असे वस्त्र नुसते वाळवून भागत नाही. ते झटकावे, बडवावे, खराऱ्याने किंवा कुंच्याने घासून मोकळे करावे आणि सवड मिळताच धुवावे लागते.

लोकरीचा एक गुण येथे लक्षात घेतला पाहिजे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी आर्द्रता स्वतःत सामावून घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. आर्द्रता शोषताना ती थोडी उष्णताही बाहेर टाकते. त्यामुळे घामाघूम घोड्याच्या पाठीवर घोंगडी सुती कापडापेक्षा कितीतरी बरी. तो एकदम गारठत नाही. पण या गुणाची दुसरी बाजू अशी की तंतूंत शिरलेले पाणी सावकाश सुटते. सुताच्या मानाने लोकर वाळण्यास वेळ लागतो, आणि ती वाळली असे स्पर्शावरून ठरविणे फसवे असते.

वाळण्याची क्रिया ऊन, वारा आणि हवेचा कोरडेपणा या तिघांवर अवलंबून असते. त्यांत वाऱ्याचे काम सामान्यतः समजले जाते त्याहून मोठे आहे. वस्त्राला चिकटून असलेला हवेचा थर आर्द्रतेने भरला की बाष्पीभवन मंदावते; वारा तो थर हलवितो. म्हणून जमिनीवर पसरलेले खोगीर एकाच बाजूने वाळते, तर दोरीवर किंवा भाल्यांच्या तिकाटण्यावर टांगलेले दोन्ही बाजूंनी. घडी पडलेली जागा शेवटपर्यंत ओली राहते. म्हणून मधून मधून ते उलटावे लागते. घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पाने का सडली या तीन प्रश्नांना 'न फिरविल्यामुळे' हे एकच उत्तर देणारे कोडे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. खोगीर का कुजले, हा चौथा प्रश्न त्यात सहज बसला असता.

भीमथडीच्या हिवाळ्यात यासाठी दिवसातला एक निश्चित काळ उपलब्ध होता. सूर्योदयानंतर दव उडेपर्यंत कापड बाहेर टाकण्यात अर्थ नाही. साधारण दहापासून चारपर्यंत हवा सर्वांत कोरडी. सूर्य कलला की निरभ्र आकाशाखाली कापड भोवतालच्या हवेपेक्षाही लवकर थंड होते आणि त्याच्या वरच्या अंगावर दव धरू लागते. म्हणून दिवस मावळण्यापूर्वी ते आत घेणे भाग. म्हणजे ज्या फौजेला खोगिरे वाळवावयाची, तिने सकाळची मजल संपवून दुपारपूर्वी मुक्काम केला पाहिजे. पहाटे निघून उन्हे चढण्याच्या सुमारास मुक्कामाला पोचण्याची पद्धत सर्वत्र उष्म्यामुळे पडली असे समजले जाते. हिवाळ्यातही ती चालू राहण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण हे असू शकेल.

ओली झूल घोड्यावर रात्री तशीच टाकणे हे झूल न टाकण्यापेक्षा वाईट. झुलीतील पाणी उडण्यासाठी लागणारी उष्णता घोड्याच्या अंगातून जाते. शिवाय वजनाने केस दबतात आणि केसांत कोंडलेल्या हवेचे संरक्षणही नाहीसे होते. अशा वेळी अंग आणि झूल यांच्यामध्ये वाळलेल्या गवताचा थर घालावा, म्हणजे अंगाच्या उष्णतेने ओल वर सरकते व पाठ कोरडी होते, हा उपाय घोडे पाळणाऱ्यांना अनेक देशांत माहीत आहे. त्याचप्रमाणे मजल संपताच खोगीर ओढून न काढता तंग सैल करून पाठ हळूहळू निवू द्यावी, हा घोडदळाचा जुना नियम आहे. घामेजलेल्या पाठीला गार वारा एकदम लागला की सूज धरते.

५

मग शेकोटी का नाही? थंडीच्या रात्री ओले कापड विस्तवाजवळ धरणे ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती. यासंबंधी शिवकालातील एक प्रसिद्ध पत्र अप्रत्यक्षपणे प्रकाश टाकते. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांना १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांच्या सरकारातून गेलेले हे पत्र रयतेला तोशीस देऊ नये या आज्ञेसाठी नेहमी उद्धृत केले जाते. दाणा व वैरण पावसाळाभर पुरवून वापरावी, नाही तर घोडी उपाशी मरतील आणि तुम्हीच ती मारलीत असे होईल, असा त्याचा आशय आहे. पण पत्राचा उत्तरार्ध विस्तवाविषयी आहे. कोणी स्वयंपाकासाठी आगट्या पेटवील, कोणी तंबाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, वाऱ्याचा विचार करणार नाही. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली की वैरणही गेली आणि पागाही गेली, अशी बजावणी त्यात आहे.

पत्र पावसाळी छावणीचे आहे. त्यात खोगिरांचा उल्लेख नाही. तरी त्यावरून एक अनुमान काढता येते. कोकणच्या पावसाळ्यात, जेव्हा ओल सुकविण्यासाठी विस्तवाची गरज सर्वांत अधिक, तेव्हाही गवताजवळच्या आगीबद्दल एवढी दक्षता होती. देशावरील हिवाळ्यात गवत पूर्ण वाळलेले, कडब्याच्या गंजी उघड्या आणि वारा सुटलेला. तेथे पागेत शेकोट्या पेटवून खोगिरे वाळविण्याची मुभा शहाण्या सरदाराने दिली असेल, हे संभवत नाही. शिवाय आगीची धग लोकरीला मानवत नाही. नमदा विषम आकसतो, तंतू ठिसूळ होतात, चामड्याच्या वाद्या कडक होऊन तडकतात. ऊन आणि वारा यांच्या साहाय्याने वाळविणे हाच मार्ग उरतो, आणि भीमथडीत तो पुरेसा होता.

हा मार्ग कोठे अपुरा पडतो, ते पाहण्यासाठी उत्तरेकडे पाहावे. १७६०च्या नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठी फौज पानिपतास अडकून पडली होती. तेथील पौषात धुके दुपारपर्यंत हटत नाही आणि ऊन असून नसल्यासारखे असते. तेथील पराभवाचे कारण ओल्या खोगिरांत शोधणे हास्यास्पद होईल. दाणा-वैरण तुटली व घोडी उपासमारीने मेली, हे मुख्य. परंतु दख्खनच्या कोरड्या हिवाळ्यावर बेतलेली हलकी सामग्री घेऊन गेलेल्या फौजेला तो हिवाळा दुप्पट जड गेला असावा, एवढे म्हणण्यास हरकत नाही. हलकेपणा हा गुण होता. पण तो एका विशिष्ट हवेत गुण होता.

६

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि शिरूर हे तिच्या छावणीचे ठिकाण झाले. पुणे व अहमदनगर यांच्या वाटेवरचे, नदीचे पाणी असलेले, कोरड्या हवेचे माळरान छावणीला सोईचे होते. जून १८१७च्या पुणे तहाने पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळ उभारण्याचे ठरले. त्यातून जे पुणे घोडदळ निघाले, त्याचे मुख्य ठाणे दीर्घकाळ शिरूरला होते.

या घोडदळाचा पहिला मोठा प्रसंग हिवाळ्यातलाच. ३१ डिसेंबर १८१७ रोजी रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर मुंबई पायदळाचे सुमारे ५०० शिपाई, अडीचशे ते तीनशे स्वार आणि दोन तोफा होत्या. सबंध रात्र चालून सकाळी तो भीमेकाठच्या कोरेगावास पोचला. १ जानेवारी १८१८ चा दिवस लढाईत गेला. पाण्यावाचून माणसांचे हाल झाले. या लढाईचे राजकीय व सामाजिक अर्थ स्वतंत्र विषय आहेत. येथे पाहावयाचे ते इतकेच की, डिसेंबरच्या रात्री चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चाललेल्या घोड्यांच्या पाठी पहाटेच्या गारठ्यात घामाने ओल्या होत्या आणि तो साज उतरवून वाळविण्याची दुपार त्यांना मिळाली नाही. वर सांगितलेला दिनक्रम शांततेत पाळता येतो. युद्ध प्रथम तोच मोडते.

पुणे घोडदळ शिलेदारी पद्धतीवर चालत असे. घोडा आणि साज सरकारचा नव्हे, स्वाराचा. किंवा ज्याच्या नावे ती असामी असेल त्याचा. मराठी फौजेतील शिलेदार व बारगीर हा भेद इंग्रजी अमलातही नावासकट टिकला. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली. तोपर्यंत पाठ गेलेल्या घोड्याचे नुकसान प्रत्यक्ष मालकाच्या पदरी पडत होते, आणि ओले खोगीर हा त्याच्या दृष्टीने घरच्या पैशाचा प्रश्न होता. बाजारातून नवीन नमदा आणणे म्हणजे कर्ज. म्हणून या पद्धतीत साजाची निगा वरच्या हुकमाने जितकी राहत असेल, त्याहून अधिक स्वतःच्या काळजीने राहत असली पाहिजे.

शिरूरच्या कोरड्या हवेत मुरलेल्या या घोडदळाची उलट परीक्षा १८५७च्या फेब्रुवारीत इराणात झाली. बुशहरहून ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी जनरल औट्रमची फौज निघाली, तीत पुणे घोडदळाची तुकडी होती. तंबू बरोबर घेतले नव्हते. प्रत्येकाजवळ एक मोठा डगला, एक कांबळे आणि दोन दिवसांचे शिजविलेले अन्न. ४१ तासांत ४६ मैलांची मजल झाली आणि वाटेत वादळी पाऊस व कडाक्याची थंडी यांनी गाठले. ८ फेब्रुवारीला खुशाब येथे घोडदळाच्या हल्ल्याने इराणी पायदळाची फळी मोडली. तेथे हस्तगत झालेल्या निशाणाच्या टोकावरील चांदीचा पंजा पुणे घोडदळाच्या मानचिन्हांत गणला गेला. त्यानंतर परतीची वाट पुन्हा मुसळधार पावसातून आणि चिखलातून काढावी लागली.

रेजिमेंटच्या इतिहासात पंजा राहतो, चिखल राहत नाही, हे स्वाभाविकच आहे. पण वरील तपशील शिरूरच्या हवामानाशेजारी ठेवले म्हणजे त्यांचा अर्थ निराळा दिसतो. एक कांबळे घेऊन तंबूविना निघणे ही गोष्ट दख्खनच्या स्वाराला नवी नव्हती. त्याच्या आजोबांची तीच रीत होती. नवे होते ते असे की, दुसऱ्या दिवशी दुपारी ते कांबळे वाळणार नव्हते.

७

१८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि भीमथडीचे दळणवळण पालटले. दौंड जंक्शन झाले. शिरूर लोहमार्गापासून दूर राहिले. फौजा व घोडी आगगाडीने जाऊ लागली, आणि मजल-दरमजल चालण्याबरोबर दुपारी खोगिरे वाळविण्याचा दिनक्रमही ओसरू लागला. शिरूरची छावणी कालांतराने उठली. पुणे घोडदळाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोडा सोडून यंत्रवाहने घेतली; रणगाड्यांची रेजिमेंट म्हणून ते आजही भारतीय सैन्यात आहे.

जुनी रीत पूर्णपणे नाहीशी मात्र झाली नाही. ती फौजेतून गेली आणि जेथून आली होती तेथे राहिली. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांच्या वाड्यांबरोबर सामानाने लादलेली तट्टे असतात. बिऱ्हाड, कोकरे आणि घोंगड्या त्यांच्याच पाठीवर. मुक्काम पडला की ओझे उतरते व पाठीवरचे कापड उन्हात पसरले जाते. ज्या मेंढीची घोंगडी आणि ज्या मुलखाचे तट्टू, त्याच लोकांनी ही विद्या सांभाळावी यात आश्चर्य नाही. घोडदळाने ती त्यांच्याकडूनच घेतली असण्याचा संभव अधिक.

१८८५च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये शिरूरच्या एका थडग्याची नोंद आहे. १८०९ मध्ये मरण पावलेला कर्नल वॉलेस हा तेथील लोकांच्या लेखी सत्पुरुष ठरला होता. सुगीच्या वेळी आसपासचे गावकरी त्याच्या थडग्याला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत, असे त्यात म्हटले आहे. परक्या अधिकाऱ्यालाही लोकस्मृतीने जागा दिली. ज्यांनी त्याच छावणीत वर्षानुवर्षे खोगिरे झटकली, उलटली आणि दिवस मावळण्यापूर्वी आत घेतली, त्या मोतद्दारांपैकी व सइसांपैकी कोणाचेही नाव या इतिहासात येत नाही. त्यांचे काम ज्या दिवशी चांगले होई, त्या दिवशी नोंद करण्याजोगे काही घडतच नसे.

म्हणून अशा कामाचा शोध दप्तरांत कमी आणि शब्दांत अधिक लागतो. खोगीर या शब्दाने घाम लक्षात ठेवला आहे, पागेने तिच्या गावाचे नाव धरून ठेवले आहे, घोंगडीने मेंढपाळाची वाट दाखविली आहे. 'खोगीरभरती' या शब्दाने मात्र अन्याय केला आहे. मराठी घोडदळाच्या वेगाचे कारण शोधताना घोड्याची जात, स्वाराचे धैर्य आणि सेनापतीची योजना यांच्या जोडीला आतून कोरडी असलेली ती भरतीही मोजली पाहिजे. ती कोरडी राहिली म्हणून घोडा दुसऱ्या दिवशी उभा राहिला. आणि घोडा उभा राहिला म्हणून पुढचा इतिहास लिहिता आला.